आत गेल्यावर बघू

सर्जनबाईंनी मला फसवलं आणि माझी बायको त्यात सामील होती. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आला होता, पण तो आला तेव्हा ओरडायला आवाज नव्हता, म्हणून लिहायला बसलो.

व्यवहार अगदी सरळ होता. माझ्या अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ निघाली होती. ती काढायची. तिच्या आजूबाजूच्या लसिकेच्या गाठीही काढायच्या. पण माझ्या आवाजाच्या नसेला चिकटून ज्या गाठी आहेत, त्यांना हात लावायचा नाही. हे मी तोंडावर सांगितलं, मॅडमनी ऐकून घेतलं आणि उत्तरादाखल एक शब्द उच्चारला. त्या शब्दावर मी डोळे झाकून विश्वास ठेवला, कारण तो माझा रोजचा शब्द. त्याच शब्दानं मी आजवर अख्ख्या मुळशी तालुक्याला वाटेला लावलं आहे.

आमचं गाव माण, आजच्या हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून. माझ्या वडलांना जमीन नव्हती. माणमध्ये राहून जमीन नसणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत पत्रावळ नसणं. मी वीट-वाळूच्या टेम्पोवर हमाल म्हणून लागलो. पुढं कंपन्या आल्या, ज्यांच्या जमिनी होत्या त्यांनी त्या विकून गाड्या घेतल्या, आणि ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्या मी त्यांचे सौदे जुळवून दिले. त्यातून थोडी जागा घेतली, खोल्या बांधल्या. आज त्या खोल्यांत लातूरची, अकोल्याची, जळगावची पोरं राहतात आणि सकाळी गेटवर कंपनीच्या कॅबची वाट बघतात. खोल्यांच्या मागं माझा एक मोकळा तुकडा आहे. तिथं ही पोरं रविवारी क्रिकेट खेळतात, म्हणून सगळा गाव त्याला 'फील्ड' म्हणतो. शेजारच्या चांदे गावचा एक कॅबवाला ते भाड्यानं मागत माझ्या मागं लागला होता. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

हे सगळं मी उभं केलं ते आवाजाच्या जोरावर. शिक्षण नाही, ओळख नाही, फक्त आवाज. रस्त्यापलीकडं जेसीबी चालू असला तरी माझं बोलणं त्याच्या ड्रायव्हरला कळायचं. माझी सौद्याची रीत ठरलेली. आधी आवाज चढवायचा, मग ताडकन उठायचं, दारात जाऊन चपला घालायच्या. एक पाय चपलेत गेला की मागून हाक येते, "अहो दादा, बसा की." दुसरा पाय घालायची वेळ माझ्यावर क्वचितच आली.

एक दिवस बाजरीची भाकरी छातीत अडकली. मी गिरणीवाल्याशी भांडलो, पीठ जाडं दळतो म्हणून. मग चपाती अडकायला लागली. बायको म्हणाली, "आवो, राग तेवडा गिळता यीना तुमाला, भाकर कशी गिळंल?" मग भातही अडकला, आणि भातासाठी भांडायला कुणी सापडेना, तेव्हा मी दवाखान्यात गेलो.

दुर्बीण घालून तपासणी झाली, तुकडा काढून तपासला, केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी गप्प पडून होतो आणि बायको म्हणत होती, घर कसं देवळासारखं वाटतंय. शेवटी ऑपरेशनचं ठरवायला आम्ही सर्जनबाईंकडे गेलो. या बाई नागपूरकडच्या. वय माझ्या थोरल्या लेकीएवढं आणि आवाज इतका हळू की पुढं वाकल्याशिवाय ऐकू येत नाही. मी पहिल्याच वाक्याला पुढं वाकलो. सौद्यात जो आधी वाकतो तो हरतो, हे माझंच म्हणणं. आणि दवाखान्याच्या केबिनमध्ये चपला काढत नाहीत, त्यामुळे माझा अर्धा डाव दारातच गेला होता.

मॅडमनी कागदावर माझी आतली नळी काढली, तिच्यावर एक मोठा ठिपका दिला आणि दोन्ही बाजूंनी बारीक बारीक ठिपके मांडत गेल्या.

मी म्हणालो, "मॅडम, मला एकच गाठ सांगितलेली. ह्या एवड्या कुटनं आल्या?"

"काका, ती मोठी रोगाची गाठ. या लहान लसिकेच्या गाठी. त्या सगळ्यांनाच असतात. मला आहेत, काकूंना आहेत."

"मग हिच्या काडा."

"माज्या तुमच्यापायी पिकल्यात," बायको म्हणाली. "आजार तुमाला झालाय. गप ऐका."

मॅडमनी समजावलं. रोग मोठ्या गाठीतून सुटला की आधी या लहान गाठींमध्ये जाऊन बसतो. तिथून पुढं शरीरभर जातो. म्हणून आजूबाजूच्या गाठी काढायच्या आणि तपासायच्या.

"म्हंजी चांगल्या बी काडनार?"

"चांगली का वाईट, ते काढून तपासल्यावरच नक्की कळतं."

"मॅडम, कलिंगडवाला बी कापायच्या आधी टिचकी मारून दावतो."

"टिचकी मारली आहे, काका. स्कॅन म्हणजे टिचकीच. पण टिचकीला गोड वाटलेलं कलिंगडसुद्धा कधी पांढरं निघतं नं?"

 खरं सांगायचं तर मला ते पटलं. जमीन घेताना आपण नुसता तो तुकडा बघत नाही. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, ओढा कुठून जातो, वाट कुणाची, अशी चतुःसीमा बघतो. सगळी भांडणं शेजारच्या बांधावरूनच आत येतात. बाई माझ्या गाठीची चतुःसीमा बघणार होत्या. कामाला पक्क्या होत्या. मी जरा सैल झालो, आणि तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"आपण दोन फील्ड घेणार आहोत. पोट आणि छाती. तिसरं फील्ड मान. गरज पडली तर तेही घ्यावं लागतं."

मी उभा राहिलो. आमच्याकडं निम्मे लोक माणला मानच म्हणतात. मी म्हणालो, "मानचं फील्ड? तुमाला कुनी सांगितलं त्याचं? त्या चांद्याच्या कॅबवाल्यानं पाटवलं का तुमाला? तितं काय दवाखाना काडायचाय?"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेरून नर्स डोकावली. बायकोनं माझा शर्ट धरून मला खाली ओढलं.

"आवो, मान! मान! ही!" असं म्हणून तिनं स्वतःच्या गळ्यावरून आडवा हात फिरवला.

"तुमची मान, काका," मॅडम म्हणाल्या. "तुमचं गाव नाही."

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. मी लगेच सौदा पुढं रेटला. म्हणालो, "मग ती मान बी सोडा." मॅडमनी स्कॅन पुन्हा पाहिला, जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे, मानेत काही दिसत नाही. मान सोडू." मी बायकोकडे जिंकल्यासारखं बघितलं. पुढं कळलं की मान त्या घेणारच नव्हत्या. जे द्यायचंच आहे ते मागून घेऊ द्यायचं आणि समोरच्याला खूश करायचं, हा तर माझाच डाव. खोली दाखवताना मी नेहमी पंखा शेवटी देतो. पोरं आनंदानं राहायला येतात.

पण खरी गोष्ट पुढं होती. मॅडमनी छातीच्या वरच्या भागात दोन-चार ठिपक्यांवर पेन ठेवलं. म्हणाल्या, या गाठी आवाजाच्या नसेला खेटून असतात. ती नस डोक्यातून निघते, गळ्याला न थांबता खाली छातीत उतरते, मोठ्या रक्तवाहिनीखालून वळसा घेते आणि परत वर गळ्यात येते.

"गळा वर आन नस छातीत कशाला जाती?"

"तशीच रचना आहे, काका."

म्हणजे हिंजवडीसारखंच. ऑफिस डाव्या हाताला समोर दिसतं आणि यू-टर्न घ्यायला पार पुढच्या फेजपर्यंत जावं लागतं. मी म्हणालो, "हे बांदकाम कुनी केलंय?" मॅडम म्हणाल्या, "त्यांच्याकडे तक्रार घेत नाहीत."

मग त्यांनी हसू आवरून सांगितलं. त्या गाठी काढताना नस दुखावू शकते. आवाज बसतो. बहुतेकांचा काही महिन्यांत येतो, पण काहींचा पूर्ण येत नाही.

मी तो कागद माझ्याकडं ओढला आणि त्या ठिपक्यांवर तळहात ठेवला.

मी म्हणालो, "पोट घ्या. छाती घ्या. पर ह्या गाठी सोडा. मॅडम, माज्याकडं दुसरं काय न्हाई. आवाज गेला तर मी कोन?"

त्या म्हणाल्या, त्या जागा सोडणं त्यांना बरोबर वाटत नाही, रोग तिथं जाऊन बसतो. मी पुन्हा तेच म्हणालो, जरा मोठ्यानं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या, जरा हळू. मी आणखी मोठ्यानं म्हणालो. बाहेर बसलेले पेशंट आत बघायला लागले. शेवटी मॅडम म्हणाल्या,

"काका, आवाज वाचवायचा मी पूर्ण प्रयत्न करीन. त्या गाठींचं आत गेल्यावर बघू."

हाच तो शब्द.

आमच्या तालुक्यात 'बघू' म्हणजे नाही. भाडेकरू गिझर मागतो, मी म्हणतो बघू. मेहुणा वरातीला गाडी मागतो, मी म्हणतो बघू. कुणी पुन्हा विचारत नाही. 'नाही' म्हटलं की माणूस तुटतो, 'बघू' म्हटलं की माणूस राहतो आणि पैसाही राहतो. एवढा सोज्वळ नकार दुसऱ्या कुठल्या भाषेत नसेल. तेव्हा मॅडम 'बघू' म्हणाल्या, त्याचा अर्थ मी असा घेतला की गाठींना हात लावत नाही, आता ओरडू नका. मी खूश झालो. उदार मनानं म्हणालो, "बघा, बघा."

बायको एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा मॅडमकडे. बोलली काहीच नाही. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई गप्प बसली आणि मला संशय आला नाही, ही माझी पहिली चूक.

ऑपरेशनचं मला काही ठाऊक नाही. जागा झालो तेव्हा नाकात नळी, पोटात नळी, बरगड्यांत नळी. कुशीवर वळवताना कुणीतरी नळी ओढली, मी कळवळून शिवी हासडली, आणि तोंडातून नुसती हवा आली. सायकलच्या ट्यूबला पंक्चर झाल्यावर येते तशी. मी पुन्हा प्रयत्न केला. फुस्स. शिवी पूर्ण होती, आवाज नव्हता.

मॅडम आल्या. मी गळ्याकडे बोट केलं आणि डोळे वटारले.

"हो काका, सांगते. गाठी नसेला खेटूनच होत्या. आत गेल्यावर बघितलं. मला त्या बऱ्या वाटल्या नाहीत, काढाव्या लागल्या. नस तुटलेली नाही, सुजली आहे. धीर धरा."

आत गेल्यावर बघितलं! या बाईंनी खरोखर बघितलं होतं! बघू म्हणून कुणी बघतं का?

मग पाणी प्यायचे धडे सुरू झाले. आवाजाची नस लुळी असली की पाणीही चुकीच्या वाटेला जातं आणि ठसका लागतो. शिकवणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, हनुवटी छातीला लावा, मान खाली घाला आणि मग गिळा." जन्मात मी कुणापुढं मान खाली घातली नव्हती. आता अर्ध्या घोट पाण्यासाठी घालायला लागली. शिवाय आजोबा.

घरी आलो तर भेटायला गर्दी. इतकी माणसं माझ्यावर प्रेम करतात हे ठाऊक नव्हतं. नंतर कळलं, मी उलट बोलू शकत नाही ही बातमी गावभर झाली होती. चुलतभाऊ खुर्ची ओढून निवांत बसला आणि बांधाचा विषय काढला. मी खाटेवर आपटाआपट केली. तो बायकोला म्हणाला, "वैनी, दादाला पटतंय बग, मान हलवतोय." अकोल्याचा भाडेकरू फळं घेऊन आला आणि जाता जाता गिझरचं विचारून गेला. बायको त्याला 'बसवते' म्हणाली. बसवलाही. मी हातानं 'नाही, नाही' करत होतो. ती म्हणाली, "ह्यांना बी आनंद झालाय."

याच दिवसांत चांद्याचा कॅबवाला आला. त्याला फील्ड हवं होतं, दिवसा कॅब उभ्या करायला भाड्यानं. मी त्याला आधी दोनदा आवाजानं पळवून लावलं होतं, भाव वाढावा म्हणून. आता तो सरळ माझ्या खाटेजवळ येऊन बसला.

"वैनी, दादाची तब्येत बगून वाईट वाटलं. त्या जागंचं उरकून टाकू आता."

बायको चहा गाळत होती. म्हणाली, "बघू."

तो हसला. "आता बघू काय त्यात? दादा बी थकलं."

"बघू की."

त्यानं रक्कम वाढवली. मला ती चांगली वाटली. पसंतीची खूण म्हणून मी खाटेच्या कडेवर थाप मारली. तो दचकला. त्याला वाटलं दादा भडकले. त्यानं आणखी वाढवली. मी घाबरलो, आता हा उठून जाईल, म्हणून जोरात दोन थापा मारल्या, की घे बाई, मिटव. तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "वैनी, दादाला शांत करा. गेट आडवनार न्हाई. अजून काय?"

"रैवारी पोरं खेळत्यात तितं. रैवारी गाड्या नगंत."

"बरं."

"आन तो चहा प्या. निवला."

सौदा झाला. मला जे दोन वर्षं ओरडून मिळालं नव्हतं ते तिनं चहा गाळता गाळता मिळवलं. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. ती म्हणाली, "काय झालं? कमी घेतलं का मी?" तिला कळत होतं की मला बोलता येत नाही, तरी विचारत होती.

पुढच्या आठवड्यात गाठींचा रिपोर्ट आला. मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही दोघं बसलो. मला आता फाटक्या आवाजात, कुणी कान जवळ आणला तर, बोलता येत होतं. घोकून ठेवलेलं भांडण तयार होतं. माझ्या चांगल्या गाठींचा हिशेब मागणार होतो.

मॅडम म्हणाल्या, "काका, बऱ्याच गाठी काढल्या. जवळजवळ सगळ्या स्वच्छ निघाल्या. फक्त दोन वाईट."

मी श्वास सोडला. मग आठवलं, मी भांडायला आलो आहे. म्हणालो, "बगा. म्हंजी बाकीच्या उगंच..."

"दोन कुटल्या?" बायकोनं मधेच विचारलं.

"एक मोठ्या गाठीच्या शेजारची." मॅडमनी ठिपक्यांचा तो जुना कागद पुढं ओढला आणि वरच्या एका ठिपक्यावर पेन ठेवलं. "आणि एक आवाजाच्या नसेजवळची."

 मी त्या कागदावरच्या ठिपक्याकडं बघितलं. तो इतर ठिपक्यांसारखाच होता. टिचकीला तो गोडच लागला होता. मी याच ठिपक्यासाठी घसा फोडून भांडलो होतो, याला सोडा म्हणून.

पण मी सहजी माघार घेणारा नाही. फाटक्या आवाजात म्हणालो, "तरी बी मॅडम, तुमी बघू म्हनला हुता."

"हो. आणि बघितलं."

"बघू म्हंजी न्हाई!"

मॅडमना काही कळेना. "आमच्याकडे तर बघू म्हणजे बघूच असतं, काका. आणि मला थोडी शंका आली होती, तुम्ही एकदम कसे तयार झालात म्हणून. मी काकूंना बाहेर विचारलंसुद्धा, काकांना नीट समजलं आहे नं? त्या म्हणाल्या, समजलंय बराबर."

मी बायकोकडे वळलो. समोरच्या भिंतीवर माणसाच्या आतड्यांचं चित्र होतं. ती ते इतक्या मन लावून बघत होती, जणू पाहुण्यांकडच्या लग्नाचा फोटो.

परतताना गाडी हिंजवडीच्या चौकात अडकली, ती अडकलीच. मी म्हणालो, "तुला म्हाईत हुतं." ती म्हणाली, "काय? मोट्यानं बोला." मी पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, "हॉर्न वाजत्यात, ऐकू यीना." चौथ्या वेळेला तिला ऐकू आलं.

"व्हय, म्हाईत हुतं. त्या बाईचं बघू म्हंजी बघू, आन तुमचं बघू म्हंजी न्हाई. मला दोनी भाषा येत्यात."

"मग तितं बोलली का न्हाईस?"

"बोलले आस्ते तर तुमी चपला घातल्या आस्त्या." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आवो, जलमात पयल्यांदा आपल्याला कुनी बघू म्हनलं आन खरंच बघितलं. त्याचा तुमाला राग येतोय."

"आन ती गाठ चांगली निगाली आस्ती तर? माजा आवाज फुकट गेला आस्ता!"

"मग मला निवांत तरी झालं आस्तं."

एवढं बोलून ती हसली, खिडकीकडं वळली आणि पदरानं तोंड पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती. म्हणाली, धूळ लई हाय. काच वर होती, एसी चालू होता.  

आता आवाज निम्म्याच्या वर परत आला आहे. मॅडम म्हणतात, आणखी येईल. थोडं थोडं खातो, उशा लावून बसल्यासारखा झोपतो, दर काही महिन्यांनी तपासायला जातो. अजून तरी काही निघालेलं नाही. गिझर चालू आहे. रविवारी फील्डवर क्रिकेट होतं.

पण म्हणून प्रकरण मिटलं असं कुणी समजू नये. गाठ वाईट निघाली हे मला मान्य आहे. ती काढली हे बरं झालं, हेही मी फार तर एकदा म्हणेन. माझी तक्रार वेगळी आहे. एका माणसाच्या गळ्याचा सौदा झाला आणि तो माणूस समोर बसलेला असताना दोन बायकांनी त्याच्याच शब्दात त्याला गुंडाळलं. मॅडमना मी सोडतो, त्या परमुलखातल्या, त्यांना आमचं 'बघू' ठाऊक नव्हतं. पण हिला ठाऊक होतं. शिवाय हिला असा सौदा करता येतो, न ओरडता, चहा गाळता गाळता, हे हिनं माझ्यापासून इतकी वर्षं लपवून ठेवलं. मी टेम्पोच्या टपावरून ओरडत होतो तेव्हाही ही हे सगळं जाणत होती का? मग तेव्हाच का नाही पुढं आली? माझा घसा कशासाठी झिजू दिला?

काल जेवताना मी हेच विचारलं, चांगल्या खणखणीत आवाजात, जेवढा आहे तेवढ्या. ती ताटात मऊ भात वाढत होती. म्हणाली, "आदी मान खाली घालून गिळा. मग बघू."

मला उत्तर पाहिजे. इथं लिहून मागतो आहे, म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणता येणार नाही. आणि 'बघू' चालणार नाही.